राफाएलकडून राखाडी शिकताना

पोर्ट्रेट शिकायचं असेल तर एकच चित्र निवडा आणि ते अंगात मुरेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका, असं आमच्या क्लासचे सर सांगतात. मला आधी वाटायचं ही त्यांची स्वतःची शिस्त असेल, पण हा सल्ला सहाशे वर्षं जुना निघाला. चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने १४०० च्या आसपास चित्रकारांच्या कारागिरीवर एक पुस्तक लिहून ठेवलंय, रंग कसा घोटायचा, लाकडी फळी कशी तयार करायची, सगळं त्यात आहे, आणि त्यातच तो शिकाऊ पोराला सांगतो की उत्तमातला उत्तम गुरू बघ, त्याचंच काम रोज गिरव, आज हा उद्या तो असं करत राहिलास तर धड कुणाचंच वळण हाताला लागणार नाही आणि डोक्यात नुसता गोंधळ होईल.

मी निवडलं राफाएल या इटालियन चित्रकाराने केलेलं बाल्दासारे कास्तिल्योने या माणसाचं पोर्ट्रेट. पॅरिसला लूव्हर म्युझियममध्ये आहे. साधारण १५१४-१५ सालचं, कॅनव्हासवर तैलरंग, ८२ सेंटिमीटर उंच आणि ६७ रुंद, म्हणजे तसं मोठं नाहीच. मी पाहिलं तेव्हा ते ग्रँड गॅलरीत होतं आणि त्याच्यासमोरून माणसांचे लोंढेच्या लोंढे मोनालिसाकडे चालले होते. चित्रात काही घडत नाही. पस्तिशी ओलांडलेला एक दाढीवाला माणूस बसलाय, डोक्यावर काळी टोपी, अंगात काळे आणि राखाडी फरचे कपडे, छातीशी पांढऱ्या शर्टाचा फुगलेला भाग, हात एकमेकांत गुंफलेले, मागे नुसती भिंत. खिडकी नाही, डोंगर नाही, पडदा नाही. आणि तो माणूस तुमच्याकडे इतक्या शांतपणे बघतो की आपण त्याच्या घरी गेलोय आणि त्याने नुकतंच बसा म्हटलंय असं वाटतं. मला पोर्ट्रेटमध्ये हेच हवं होतं, त्यामुळे निवडीला वेळ लागला नाही.

कॉपी करतेय म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांचा चेहरा जरा पडतो. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असतं, तिथे समोरच्याचं बघून काढलं तर पेपर काढून घेतात, आणि तीच भावना मोठेपणीही राहते की स्वतःचं काढ ना, दुसऱ्याचं कशाला. पण ज्यांना आपण महान म्हणतो ती सगळी माणसं दुसऱ्याचं काढूनच तयार झालेली आहेत आणि त्यांना त्याची कधी लाज वाटलेली दिसत नाही. मिकेलांजेलोने फ्लॉरेन्सच्या चॅपलमध्ये बसून त्याच्या आधीच्या मासाच्चो या चित्रकाराची भित्तिचित्रं उतरवली. खुद्द राफाएल त्याचा गुरू पेरुजिनोचं काम इतकं हुबेहूब करायचा की गुरूचं कुठलं आणि शिष्याचं कुठलं ते ओळखू यायचं नाही, असं त्या काळच्या चित्रकारांची चरित्रं लिहिणारा वसारी लिहितो. मग राफाएल फ्लॉरेन्सला आला, तिथे त्याने लिओनार्दो पाहिला आणि पुन्हा शिकाऊ होऊन त्याच्या मागे लागला. एका तरुणीचं त्याने केलेलं ड्रॉइंग लूव्हरमध्ये आहे, त्यातली बसण्याची ढब मोनालिसाची आहे हे लहान मूलही सांगेल. आता कास्तिल्योने परत बघा, अंग तिरकं, चेहरा आपल्याकडे वळलेला, पुढे हातावर हात. तीच बैठक! फक्त राफाएलने ती इतकी पचवलीय की ती त्याचीच झालीय.

लिओनार्दोचं यावरचं म्हणणं मला फार आवडतं, कारण तो दोन्ही बाजूंनी बोलतो. एकीकडे शिकणाऱ्याने आधी चांगल्या गुरूच्या हातची ड्रॉइंग्ज उतरवावीत, मग उठावाच्या वस्तूंवरून म्हणजे शिल्पांवरून, मग जिवंत निसर्गावरून, असा क्रमच तो लावून देतो, आणि दुसरीकडे बजावतो की दुसऱ्याच्या शैलीची नक्कल करत बसणाऱ्या चित्रकाराला निसर्गाचा मुलगा न म्हणता नातू म्हणावं लागेल. मला यात विसंगती वाटत नाही. आधी नातू होऊन राहायचं आणि मग मुलगा व्हायचं, एवढंच.

त्याच्या स्वतःच्या कार्यशाळेत हे कसं चालायचं त्याचा पुरावा माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये सापडला. तिथे मोनालिसाची एक कॉपी कित्येक वर्षं होती, मागे सगळं काळं रंगवलेलं, कुणी फार लक्ष देत नव्हतं. ते काळं काढल्यावर खालून निसर्गदृश्य निघालं, आणि इन्फ्रारेड तपासणीत दिसलं की लिओनार्दोने मूळ चित्राच्या आतल्या रेखाटनात जे जे बदल केले तेच बदल कॉपीच्या आतही आहेत. २०१२ मध्ये हे जाहीर झालं. म्हणजे तो शिष्य पुरं झालेलं चित्र बघून कॉपी करत नव्हता, तो गुरूच्या शेजारी बसला होता आणि गुरूने चित्रातल्या बाईची कंबर जरा सरकवली की हाही सरकवत होता. गुरूचे पुसलेले विचारसुद्धा हातातून गेले असतील त्या पोराच्या, असं शिक्षण कुणाला मिळालं!

आपल्याला ते भाग्य नाही, आपल्यासमोर पुरं झालेलं चित्र असतं आणि त्यातून उलटं मागे जायचं असतं. कशावर काय बसवलंय, आधी काय आलं, कुठे थांबला. म्हणूनच बघणं आणि कॉपी करणं यात एवढा फरक पडतो. बघताना डोळा टोपीवरून दाढीवर, दाढीवरून हातांवर उड्या मारतो आणि आपलं चित्र बघून झालेलं असतं, पण ब्रश हातात असला की कानशिलापासून गालापर्यंतचं प्रत्येक बोटभर अंतर पायी चालावं लागतं.

बाह्यरेषा कॅनव्हासवर घ्यायला मी प्रोजेक्टर वापरला नाही, जुनी पद्धत वापरली. पूर्ण मापाच्या कागदावर ड्रॉइंग करायचं, रेषांवर टाचणीने भोकं पाडायची, कागद कॅनव्हासवर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, खाली ठिपक्यांची रेष उमटते. राफाएलच्या स्कूल ऑफ अथेन्स या भित्तिचित्राचा तयारीचा कागद मिलानच्या अँब्रोसियाना संग्रहात आहे, आठेक मीटर रुंद, त्यावर अशीच भोकं आहेत. हे वाचलं आणि मला माझी मावशी आठवली, ती साडीवर भरतकामाचं डिझाइन असंच उतरवायची, ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ आणि कापडाचा बोळा, अगदी तेच. भोकं पाडण्याचं काम कंटाळवाणं वाटेल पण त्या वेळात भुवईचा उतार हाताला पाठ होतो, तो पुढे रंग लावताना कामी येतो.

रंग सहाच घेतले. पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, लाइट रेड म्हणजे विटकरी, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, रॉ अंबर म्हणजे मातकट तपकिरी, आणि आयव्हरी ब्लॅक हा काळा. निळा नाही, हिरवा नाही. हे मुद्दाम, कारण सरांचं म्हणणं असं की या चित्रात रंग जवळजवळ नाहीतच, आहेत ते टोन, म्हणजे उजेड-अंधाराच्या पायऱ्या, आणि टोन शिकायचे तर ट्यूबा जितक्या कमी तितकं बरं. आधी पातळ रॉ अंबरने सगळं चित्र एकरंगी उभं करायचं, टर्पेंटाइनमध्ये, उजेड हवा तिथे चिंधीने पुसून. ते वाळलं की वर रंग, जवसाच्या तेलात, पातळ.

आणि इथे ती गोष्ट झाली जिच्यासाठी मी खरं म्हणजे हा लेख लिहायला घेतला. कास्तिल्योनेचे डोळे निळे आहेत. म्हणजे लूव्हरमध्ये मी पाहिले तेव्हा निळेच दिसले, स्क्रीनवरही निळेच दिसतात, आणि निळ्या रंगाशिवाय ते कसे येणार ही धाकधूक मला होती. सर म्हणाले आयव्हरी ब्लॅकमध्ये पांढरा टाका, लावा, आणि मग बोला. पॅलेटवर तो रंग साधा राखाडी दिसतो, ओल्या सिमेंटचा असतो तसा. बुबुळाच्या जागी ठेवला, भोवती पापण्यांचा लालसर कडा, खाली गालाचं ऑकर आणि लाइट रेडचं गरम मिश्रण, आणि तो ठिपका निळा झाला. अक्षरशः डोळ्यांदेखत. काळ्या-पांढऱ्याचं मिश्रण जात्याच थंड असतं, भोवती सगळं गरम असलं की डोळा त्याला आणखी थंडीकडे ढकलतो आणि आपल्याला निळा दिसतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, कलर थिअरीच्या चॅप्टरमध्ये असतंच, पण वाचणं वेगळं आणि स्वतःच्या ब्रशच्या टोकाला राखाडीचा निळा होताना बघणं वेगळं. राफाएलने स्वतः बुबुळात कुठलं रंगद्रव्य घातलं त्यावर मी काही म्हणत नाहीये. मला शिकायला मिळालं ते हे की चेहऱ्यातला कुठलाच रंग एकटा नसतो, शेजारी कोण बसलंय यावर त्याचं रूप ठरतं.

एकदा हे डोक्यात बसलं की सगळं चित्र वेगळं उलगडायला लागलं. ती मागची भिंत. कॉपी करणारे बहुतेकजण तिला शेवटी उरकून टाकतात, पण या चित्रात चेहऱ्यातला जिवंतपणा अर्धा त्या भिंतीतून येतो, कारण ती उबदार राखाडी आहे आणि बाहीवरचा फर थंड राखाडी आहे, आणि या दोघांच्या मधे कातडीचा रंग आहे. भिंत जरा गार करून बघा, माणूस आजारी दिसायला लागतो. कपड्यांतला काळाही एक नाही. टोपीचा काळा, छातीवरच्या कापडाचा काळा, सावलीतला काळा, प्रत्येकात वेगळं काहीतरी मिसळावं लागतं, बर्न्ट सिएना घातला की काळा पुढे येतो, नुसता आयव्हरी ब्लॅक ठेवला की मागे सरतो. त्या मोठ्या काळ्या-राखाडी पसाऱ्यात शर्टाचा तो एक पांढरा आहे, आणि सगळ्यात उजळ जागा तीच. डोळ्यातला पांढरा भाग त्याच्या शेजारी नुसता राखाडी आहे. डोळ्यात पांढरा घालायचा मोह सगळ्यांना होतो, राफाएल तो होऊ देत नाही, म्हणून तर ती नजर इतकी मऊ आहे.

दाढीबद्दलही लिहायला हवं. लांबून एकेक केस दिसतोय असं वाटतं, जवळ जाऊन बघितलं तर बराचसा भाग एकसंध तपकिरी सावली आहे आणि केस फक्त कडेला आहेत, जिथे दाढी गालात विरते आणि खाली शर्टावर येते तिथे. मधे काही केलेलंच नाही. इतका मोठा माणूस, हाताशी एवढं कसब, आणि त्याने काही न करण्याचं ठरवलं. हे न केलेलं काम नुसतं बघून कधीच कळत नाही. ब्रश घेऊन केस काढायला निघालं आणि समोर केसच नाहीत असं झालं की मगच कळतं.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती इथे बसून कॉपी करणाऱ्या सगळ्यांना येणार. इंटरनेटवर या चित्राच्या ज्या मोठ्या फाइली मिळतात त्यांतला प्रत्येक राखाडी वेगळा आहे. एकीत भिंत पिवळट, दुसरीत हिरवट, तिसरीत सिमेंट. जे चित्र राखाडीवरच उभं आहे त्याचं असं झालं की करायचं काय? मी एक फाइल रंगासाठी धरली आणि बाकीच्या फक्त आकारासाठी वापरल्या, शिवाय लूव्हरमध्ये वहीत लिहून आणलेल्या नोट्स होत्या, भिंत गरम, बाही गार, कपाळ सगळ्यात उजळ पण शर्टापेक्षा खाली, असलं बरंच काही. ज्यांना युरोपात राहायला मिळतंय त्यांनी मूळ चित्रासमोर उभं राहण्याची संधी सोडू नये. लूव्हर कॉपी करणाऱ्यांना आजही परवानगी देतं, १७९३ साली म्युझियम उघडलं तेव्हापासूनची ती प्रथा आहे, एक अट अशी की तुमची कॉपी मूळ चित्राच्या मापाची नको, लहान तरी हवी नाहीतर मोठी. मातिस या फ्रेंच चित्रकारानेही तिथे याच कास्तिल्योनेची कॉपी केली होती. रंगांचा एवढा धीट माणूस या राखाडीसमोर बसला होता या गोष्टीने मला फार बळ मिळतं.

आणि रेम्ब्राँ! १६३९ च्या एप्रिलमध्ये हे चित्र ॲमस्टरडॅमला लिलावात आलं होतं. रेम्ब्राँ हा डच चित्रकार तिथे गेला. त्याने भराभर एक स्केच केलं आणि त्यावरच लिहून ठेवलं की हे साडेतीन हजार गिल्डरना, म्हणजे तिथल्या नाण्यांना, गेलं. तो कागद आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना म्युझियममध्ये आहे. स्केचमध्ये टोपी राफाएलपेक्षा जास्त तिरकी आहे, म्हणजे उतरवता उतरवताच माणूस स्वतःचं काही घालायला लागला होता. त्याच वर्षी त्याने कठड्यावर हात टेकलेलं स्वतःचं एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, केलं आणि १६४० मध्ये तसंच तैलचित्र, ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात राफाएल आहे, तिशियन हा दुसरा इटालियन चित्रकारही आहे, आणि तरी ते रेम्ब्राँशिवाय दुसऱ्या कुणाचंही असू शकत नाही. लिलावाच्या गर्दीत ओढलेल्या चार रेषांचं वर्षभरात हे झालं.

आपल्याकडेही हे झालेलं आहे, फक्त समोरचा गुरू वेगळा होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या कॉपी करत होते. त्यातल्या कितीतरी कॉपी लंडनला लागलेल्या आगीत जळाल्या, आणि मला नेहमी वाटतं की कॅनव्हास जळाले तरी त्या पोरांच्या हातात जे उतरलं ते कसं जळणार. त्या कामावर असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे पोर्ट्रेटसाठीच नावाजले गेले. लेण्यातल्या अंधुक उजेडात महिनोन्महिने चेहऱ्यांची वळणं उतरवलेला माणूस होता तो.

रंग वाळण्याची वाट बघत असताना मी कास्तिल्योनेबद्दल वाचत होते, त्यात एक गोष्ट अशी मिळाली की त्यानंतर ते चित्र माझ्यासाठी नुसता अभ्यास राहिलंच नाही. कास्तिल्योने राजदूत होता, राफाएलचा जवळचा मित्र होता, कामासाठी सतत घराबाहेर. त्याने लॅटिनमध्ये एक कविता लिहिली, ती त्याच्या बायकोच्या, इप्पोलिताच्या तोंडी आहे. तू रोमला आहेस, राफाएलच्या हातचं हे तुझं चित्रच काय ते माझ्यापाशी आहे, मी त्याच्याशी बोलते, हसते, ते काहीतरी उत्तर देईल असं वाटतं, आणि आपलं बाळ त्या चित्रात बापाला ओळखून बोबडं बोलतं, अशा अर्थाची ती कविता आहे. १५२० मध्ये इप्पोलिता वारली, लग्नाला फक्त चार वर्षं झाली होती. त्याच वर्षी राफाएलही गेला, सदतिसाव्या वर्षी. हे वाचून मी परत ईझलपाशी गेले तेव्हा ओठांच्या कोपऱ्यातली ती सावली लावायला माझा हात जरा थबकला. एका घरात हे चित्र माणसाच्या जागी होतं. लहान पोराने त्याच्याकडे बघून हाक मारली असेल. पोर्ट्रेटचं खरं काम हेच आहे असं मला मनापासून वाटतं, टेक्निक वगैरे सगळं त्याच्यासाठी.

कॉपी बरीच पुढे गेल्यावर सरांनी जिवंत माणूस बसवायला सांगितलं. आमच्या शेजारचे काका तयार झाले, रिटायर्ड आहेत, वेळ असतो त्यांना. दाढी करून येऊ का असं विचारत होते, मी म्हटलं अजिबात नको. खिडकीपाशी बसवलं, संध्याकाळचा उजेड एका बाजूने. आधी मी माणसाकडे बघितलं की मला नाक, डोळे, ओठ दिसायचे. त्या दिवशी मला दिसलं की काकांच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट निळसर आहेत, कपाळाची बाजू हिरवटाकडे झुकलेली राखाडी आहे, आणि सदऱ्याच्या पांढऱ्यासमोर डोळ्यांतला पांढरा किती खाली आहे. ट्यूबा त्याच सहा. काकांची कातडी कास्तिल्योनेपेक्षा कितीतरी सावळी, तिथे बर्न्ट सिएना जास्त लागला आणि पांढरा अगदी जपून, पण गरमाशेजारी गार ठेवण्याचा हिशोब तोच लागू पडला. काकूंनी येऊन बघितलं आणि म्हणाल्या, हे असेच बसतात पेपर वाचून झाल्यावर. नाक जुळलं की नाही याबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत.

आता कास्तिल्योनेचे हात राहिलेत. मूळ चित्रात खालच्या कडेला बोटं कापली गेलीत, जोडलेल्या हातांचा वरचा भागच दिसतो, त्यामुळे हाताची ठेवण पूर्ण समजून घ्यायला तिथून मदत मिळत नाही. रुबेन्स या फ्लेमिश चित्रकाराने या चित्राची जी कॉपी केली ती लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे आणि तिच्यात हात पूर्ण आहेत. तिचा मोठा फोटो मी प्रिंट करून आणलाय, ट्रेसिंग पेपरही आणलाय, या रविवारी त्या बोटांवर टाचणी चालवायची आहे.